रेडिओने बुडवलेली बिदागी

‘द टर्टल्स’ या लॉस एंजलिसच्या बँडचं ‘हॅपी टुगेदर’ सुरू होतं तेव्हा ते नावाइतकं आनंदी वाटत नाही. गिटारवर मायनर कॉर्ड, म्हणजे उदास वाटणारी स्वरसंगती, त्याखालून पायरी पायरीने उतरणारे सूर, आणि हॉवर्ड केलनचा आवाज जवळजवळ पुटपुटल्यासारखा. मग ध्रुवपद येतं. मायनरचं उजळ मेजर होतं, ड्रम्स उसळतात, मागून बाकीच्यांचे आवाज भिंतीसारखे उभे राहतात आणि तोच केलन गळा मोकळा सोडतो. शेवटी शेवटी शब्द संपतात, उरतात नुसते निरर्थक बोल आणि त्यांच्यावर पितळी वाद्यं. सगळा खेळ तीन मिनिटांच्या आत आटोपतो.

यातलं लिहिणाऱ्यांच्या कागदावर किती होतं? शब्द आणि चाल गॅरी बॉनर आणि अ‍ॅलन गॉर्डन या जोडीची. त्यांचा डेमो टर्टल्सच्या हाती आला त्याआधी अनेक बँडांनी तो ऐकून परत केला होता. टर्टल्सनी ते गाणं दौऱ्यांत वाजवत वाजवत बांधत नेलं. बासवादक चिप डग्लसने आवाज आणि वाद्यांची मांडणी केली, ड्रम्सवर जॉनी बार्बाटा होता, आणि मग हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. मार्च १९६७ मध्ये त्याने बिलबोर्ड या साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बीटल्सच्या ‘पेनी लेन’ला खाली उतरवलं आणि तीन आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही. चाल तीच, शब्द तेच. इतरांनी नाकारलेलं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी त्यात जे घातलं त्यामुळे.

१९९९ साली रचनाकारांचे पैसे गोळा करणाऱ्या बीएमआय या संस्थेने विसाव्या शतकात अमेरिकेत सर्वांत जास्त वाजलेल्या गाण्यांची यादी काढली. ‘हॅपी टुगेदर’ पहिल्या पन्नासात होतं, आकडा सुमारे ५० लाख वेळा. एका वेळेला तीन मिनिटं धरली तर गाणं दिवसरात्र न थांबता अठ्ठावीस वर्षं वाजत राहिलं असतं. या यादीत गाणं मोजलं जातं, इतरांनी गायलेल्या आवृत्त्यांसकट, हे मान्य. पण रेडिओवर ‘हॅपी टुगेदर’ लावा म्हटल्यावर लागते ती बहुतांशी टर्टल्सचीच तबकडी. त्या प्रत्येक वेळी बॉनर, गॉर्डन आणि त्यांच्या प्रकाशकाच्या खात्यात काही ना काही जमा झालं. केलनच्या गळ्याला, बार्बाटाच्या हातांना, डग्लसच्या मांडणीला अमेरिकेतल्या एएम-एफएम रेडिओकडून मिळाले शून्य डॉलर. यात कुणाची चोरी नाही, कुणी हिशेब दडवला नाही. कायदाच तसा आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. रेडिओवर रेकॉर्ड वाजली की तिच्यातल्या गायक-वादकांना बिदागी मिळाली पाहिजे, ती कायद्याने ठरलेली असली पाहिजे, आणि रेकॉर्ड कंपनीच्या हातातून न जाता थेट कलाकाराच्या हातात पडली पाहिजे. अमेरिकेने रेडिओला दिलेली ही सूट काढून टाकावी. आणि ते काम कोर्टातून होणार नाही, हे ‘हॅपी टुगेदर’च्याच खटल्यांनी दाखवून दिलं आहे.

आधी पैसा कुठून कुठे जातो ते बघू, कारण या वादात निम्मा गोंधळ तिथेच होतो. एका रेकॉर्डमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या रचनेचा अमुक दिवशी, अमुक लोकांनी केलेला, टेपवर उतरलेला आविष्कार. रेडिओ स्टेशन रचनेसाठी बीएमआय, एस्कॅप अशा संस्थांकडून घाऊक परवाना घेतं, संस्था वाजलेल्या गाण्यांच्या नोंदींवरून पैसे वाटते, साधारण निम्मे लेखकाला आणि निम्मे प्रकाशकाला. ध्वनिमुद्रणासाठी मात्र एएम-एफएम स्टेशन कायद्याने कुणालाच काही देणं लागत नाही.

आता तेच स्टेशन तोच कार्यक्रम इंटरनेटवरही सोडतं असं धरा. एकच स्टुडिओ, एकच निवेदक, एकच तबकडी, एकच क्षण. टॉवरवरून जे गेलं ते फुकट, वायरमधून जे गेलं त्याचे पैसे द्यावे लागतात. २०२१ मध्ये जाहिरातींवर चालणाऱ्या नेट-प्रक्षेपणाचा दर होता एका श्रोत्यामागे एका गाण्याला ०.००२१ डॉलर. दहा हजार श्रोते असतील तर २१ डॉलर. ही रक्कम साउंडएक्स्चेंज या संस्थेकडे जाते आणि व्यवस्थापन खर्च वजा जाता कायद्यात लिहिलेल्या प्रमाणात वाटली जाते. ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकारांना, ५ टक्के पडद्यामागच्या वादक-गायकांच्या निधीला. म्हणजे २१ डॉलरमधले साडेदहा मालकाचे, ९.४५ बँडचे, १.०५ साथीदारांचे. ‘हॅपी टुगेदर’च्या वेळी बँड सहा जणांचा होता. समान वाटणी धरली तर एकेकाला दीड डॉलरच्या थोडं वर. रक्कम चिमुकली आहे, पण पन्नास लाख वेळा शून्य आणि पन्नास लाख वेळा दीड डॉलर यांतला फरक कुणाला समजावून सांगायला नको.

या वाटणीतला सगळ्यात मोलाचा भाग टक्केवारीचा नाही. तो ४५ टक्के वाटा थेट दिला जातो यात आहे. रेकॉर्ड कंपनी कलाकाराला आगाऊ रक्कम देते, स्टुडिओचा, प्रसिद्धीचा खर्च त्याच्या नावे मांडते, आणि ते सगळं वसूल होईपर्यंत त्याच्या हातात रॉयल्टी पडत नाही. कित्येकांचं ते खातं जन्मभर उणेच राहतं. साउंडएक्स्चेंजकडून येणारा पैसा या खात्याला शिवत नाही. कलाकारावर कंपनीचे लाख डॉलर निघत असले तरी त्याचे ९.४५ त्याचेच.

मग टॉवरवरून जाणाऱ्या गाण्याला हीच रीत का नाही? याचं उत्तर तत्त्वात शोधू नये, इतिहासात शोधावं. १९३०च्या दशकात तबकड्यांवर ‘रेडिओ प्रक्षेपणास परवानगी नाही’ असं छापलेलं असे. पेनसिल्व्हेनियात फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदप्रमुखाने एका स्टेशनवर दावा लावला आणि १९३७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. कलाकाराचा आविष्कार ही त्याची मालमत्ता आहे, असं ते कोर्ट म्हणालं. तीनच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये पॉल व्हाइटमन या दुसऱ्या वाद्यवृंदप्रमुखाच्या खटल्यात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी उलट निवाडा दिला. तबकडी एकदा विकली की विकणाऱ्याचा तिच्यावरचा ताबा संपला, लेबलावर काहीही छापा. रेडिओ कंपन्यांनी अर्थातच हा दुसरा निवाडा छातीशी धरला.

वादकांच्या संघटनेने वेगळा रस्ता धरला. जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या संघटित वादकांनी ध्वनिमुद्रणच बंद केलं. डेक्का कंपनी वर्षभराने नमली, कोलंबिया आणि आरसीए १९४४ च्या नोव्हेंबरात. विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम वादकांच्या निधीत जाऊ लागली. पण ती दिली कंपन्यांनी. रेडिओ सुटला तो सुटलाच. दोन वर्षं तोंड बांधून बसल्यावरही ज्याच्यामुळे वादकांची रोजची नोकरी गेली त्या रेडिओच्या खिशाला हात लागला नाही.

पुढे १९७१ मध्ये अमेरिकी संसदेने ध्वनिमुद्रणाला पहिल्यांदा केंद्रीय कायद्याचं संरक्षण दिलं, ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून लागू झालं. त्यात बनावट प्रती काढायला बंदी होती, पण जाहीर वादनाचा हक्क मुद्दाम वगळला होता. १९९५ मध्ये तो हक्क आला तो फक्त डिजिटल प्रक्षेपणापुरता, आणि त्यातूनही टॉवरवरचं मोफत प्रक्षेपण नावानिशी बाहेर काढलं. इथे रेडिओ मालकांच्या संघटनेचं कौतुक करायला हवं. प्रत्येक मतदारसंघात एक तरी स्टेशन असतं आणि निवडणुकीच्या तोंडावर त्या स्टेशनच्या मालकाला दुखवायला कुणी खासदार तयार नसतो. संगीतकार मतदारसंघनिहाय पसरलेले नसतात. रेडिओच्या या सवलतीमागे एवढंच गणित आहे.

१९७२ च्या या रेषेने एक गमतीदार प्रकार घडवला. सिरियस एक्सएम ही उपग्रह रेडिओ कंपनी डिजिटल, म्हणजे तिला पैसे देणं भाग. पण १९७२ पूर्वीच्या रेकॉर्डना केंद्रीय कायदाच लागू नव्हता, म्हणून त्यांचे ती देत नसे. तेव्हा तिच्या वाहिन्यांत सहावी वाहिनी साठच्या दशकाची होती, सातवी सत्तरच्या. सातवर बहुतेक गाण्यांचे पैसे, सहावर नाहीत. श्रोत्याची वर्गणी दोन्हींसाठी सारखीच.

इथे टर्टल्स पुन्हा येतात, पण वेगळ्या नावाने. १९७० मध्ये बँड मोडला तेव्हा त्यांच्या व्हाइट व्हेल या कंपनीशी झालेल्या करारामुळे केलन आणि त्याचा जोडीदार मार्क व्होलमन यांना ‘टर्टल्स’ हे नाव तर वापरता येईनाच, स्वतःच्या नावानेही गाता येईना. म्हणून ते ‘फ्लो अँड एडी’ झाले. पुढे व्हाइट व्हेल बुडाली आणि टर्टल्सच्या मूळ टेप्सची मालकी या दोघांच्या हाती आली. गाणारेच टेपचे मालक, असं फार थोड्या बँडांच्या वाट्याला येतं. म्हणूनच खटला लढवायला ते योग्य जागी होते. साधुसंत होते असं नव्हे. त्यांनीच पूर्वी ‘दे ला सोल’ या रॅप गटावर आपल्या एका रेकॉर्डचा तुकडा विनापरवाना वापरल्याबद्दल दावा लावला होता, आणि त्या प्रकरणाचा धसका पुढे सगळ्याच रॅप संगीताने घेतला. हक्क हातात आल्यावर कलाकारही कंपनीसारखाच वागू शकतो, हे विसरू नये.

२०१३ मध्ये फ्लो अँड एडीने सिरियसवर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा अशा तीन राज्यांत दावे लावले. युक्तिवाद असा की केंद्रीय कायदा लागू नसेल तर राज्यांचा जुना कायदा लागू आहे आणि त्यात जाहीर वादनाचा हक्क येतो. सप्टेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी तो मान्य केला, दोन महिन्यांनी न्यूयॉर्कच्याही. सगळ्या संगीतधंद्यात खळबळ उडाली. मोठ्या कंपन्यांनी आपापल्या जुन्या रेकॉर्डसाठी २०१५ मध्ये सिरियसकडून २१ कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. फ्लो अँड एडीने आपल्यासारख्या इतर मालकांच्या वतीने २०१६ च्या नोव्हेंबरात किमान अडीच कोटींवर तडजोड केली, वरची रक्कम अपिलांच्या निकालावर अवलंबून ठेवली. आणि मग अपिलं एकामागून एक उलटली. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये, फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये, आणि शेवटी कॅलिफोर्नियाबाबत केंद्रीय अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं की असा हक्क आमच्या कायद्यात कधी नव्हताच. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ‘एकमेव मालकी’ हे शब्द १८७२ साली आले, एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. तेव्हा त्या शब्दांचा अर्थ काय होता हे न्यायाधीश शोधत बसले आणि त्यांना जे सापडायचं तेच सापडलं.

हे निकाल चुकीचे होते असं आम्हाला वाटत नाही. व्हाइटमनच्या खटल्यानंतर सत्तर वर्षं पडून राहिलेला हक्क न्यायाधीशाने एका दुपारी शोधून काढला असता तर प्रत्येक हॉटेल, प्रत्येक दुकान, प्रत्येक एफएम स्टेशन मागच्या तारखेपासून देणेकरी झालं असतं. दर किती, वाटणी कशी, लहान स्टेशनला सवलत किती, हे कोर्ट ठरवू शकत नाही. संसदच ठरवू शकते. तिने ते अर्धं ठरवलंही. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी सही झालेल्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याने १९७२ पूर्वीच्या रेकॉर्डना डिजिटल प्रक्षेपणाचे पैसे मिळवून दिले, त्याच ५०-४५-५ च्या प्रमाणात. सहावी आणि सातवी वाहिनी एका पातळीवर आली. टॉवरचा प्रश्न जिथल्या तिथे.

याच कायद्याने १९५७ ते १९७२ मधल्या रेकॉर्डना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण दिलं. ‘हॅपी टुगेदर’ची रचना २०६२ अखेरपर्यंत सार्वजनिक होईल आणि तिची ही तबकडी त्यानंतरही चार वर्षांहून जास्त काळ खासगी राहील. शंभर वर्षांची मालकी आणि रोजच्या रेडिओवर शून्य, अशी ही उफराटी उदारता. आम्हाला मुदत निम्मी आणि बिदागी पूर्ण चालली असती.

रेडिओवाल्यांचे आक्षेप आता घेऊ. पहिला आणि सगळ्यात जुना: आम्ही फुकट जाहिरात करतो, रेकॉर्ड आमच्यामुळे खपते. हे खोटं नाही. खोटं असतं तर १९५० च्या दशकात कंपन्यांनी निवेदकांना टेबलाखालून पैसे चारले नसते, आणि त्या लाचखोरीवर संसदेला चौकशी बसवावी लागली नसती. नव्या गाण्याला रेडिओ उचलतो, हे आजही खरं आहे. पण १९६७ ची तबकडी आज कशाची जाहिरात करते? यावर उत्तर येतं: दौऱ्यांची. तेही अंशतः खरं. ‘हॅपी टुगेदर’ याच नावाचा साठच्या दशकातल्या बँडांचा एकत्रित दौरा २०१० पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात निघत आला आहे आणि त्याची तिकिटं रेडिओवरच्या जुन्या गाण्यांच्याच जोरावर खपतात. पण दौरा म्हणजे नवी मेहनत, नवी मजुरी. केलनला प्रकृतीमुळे २०१८ मध्ये दौरे थांबवावे लागले, व्होलमन सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. ज्याला बसमध्ये चढवत नाही त्याला जाहिरातीचा काय उपयोग? आणि तासावर बोलावलेल्या ट्रम्पेटवाल्याच्या नावाने कुठलाच दौरा निघत नाही. शिवाय जाहिरातीचा फायदा खरा असेल तर तो दर ठरवताना वजा करावा, रीतसर. वाण्याने ‘माझ्या दुकानात ठेवल्यामुळे तुमचं लोणचं प्रसिद्ध होतं’ म्हणून लोणच्याचे पैसेच देऊ नयेत, हे कुठल्या बाजारात चालतं?

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. रेडिओचा धंदा आटतोय, जाहिराती फोनवर गेल्या, गावातलं एकमेव स्टेशन बंद पडलं तर वादळाची सूचनाही मिळणार नाही. याला उत्तर म्हणून अमेरिकन म्युझिक फेअरनेस अ‍ॅक्ट हे विधेयक बघावं. २०२१ पासून ते संसदेत पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आहे. त्यात वर्षाला १५ लाख डॉलरहून कमी उत्पन्न असलेल्या स्टेशनला, त्याची मालक कंपनीही छोटी असेल तर, वर्षाचे एकरकमी ५०० डॉलर. विद्यापीठांच्या आणि विना-नफा स्टेशनांना १००. एक लाखाच्या आत उत्पन्न असेल तर १० डॉलर. वर्षाचे. या दहा डॉलरमुळे स्टेशन बुडेल असं म्हणणाऱ्याने त्याचा विजेचा आकडा एकदा दाखवावा. खरी लढाई शेकडो स्टेशनं बाळगणाऱ्या साखळ्यांशी आहे, पण सुनावणीच्या खुर्चीवर नेहमी गावातला छोटा मालक बसवला जातो. आणि या साखळ्यांना देणं अशक्य आहे असंही नाही. २०१२ मध्ये क्लियर चॅनल या साखळीने टेलर स्विफ्टच्या तेव्हाच्या बिग मशीन या कंपनीशी करार करून टॉवरवरच्या प्रक्षेपणाचाही वाटा देऊ केला होता, त्या बदल्यात डिजिटलच्या दरांत खात्री मिळवून. ज्याच्याकडे स्विफ्ट आहे त्याला मिळतं. बाकीच्यांसाठीच कायदा लागतो.

तिसरा आक्षेप फारसा बोलला जात नाही, पण आम्हाला तो खरा अडचणीचा वाटतो. निम्मी रक्कम ध्वनिमुद्रणाच्या मालकाला जाणार, आणि मालक म्हणजे बहुतेक वेळा तीन बड्या कंपन्यांपैकी एक. गरीब वादकाचं चित्र पुढे करून कंपनीची पेटी भरायची, असा वास येतो, आणि तो सगळाच खोटा नाही. ब्रिटनमध्ये रेडिओचे पैसे निम्मे मालकाला आणि निम्मे कलाकारांना जातात, तिथेही साथीदारांच्या वाट्यावरून कुरबुर आहेच. आमच्या मते टॉवरच्या पैशात मालकाचा वाटा ४० वर आणावा आणि साथीदारांचा ५ वरून १५ करावा. कंपन्या यावर विधेयकाचा पाठिंबा काढून घेतील अशी भीती आहे, पण निदान मागणी तरी तिथून सुरू व्हावी.

रेडिओच्या या सवलतीचा फटका अमेरिकेबाहेरही बसतो. युरोपातले रेडिओ कलाकारांना पैसे देतात, पण ‘तुमचा देश आमच्या कलाकारांना देत नाही’ म्हणून काही देश अमेरिकन रेकॉर्डचा वाटा अडवत आले. सप्टेंबर २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने आयर्लंडहून आलेल्या प्रकरणात सांगितलं की युरोपीय युनियनच्या कायद्यानुसार असं आपल्या मर्जीने करता येत नाही. पण अमेरिकी संसदेने स्वतःच्या गायकांना घरी काही द्यायचं नाही आणि परक्या देशांनी मात्र द्यावं, हे किती दिवस चालेल?

आपल्याकडे हाच प्रश्न आरशात बघितल्यासारखा उलटा आहे. अमेरिकेत रेडिओ लेखकाला देतो, तबकडीला देत नाही. आपल्याकडे एफएम स्टेशनं तबकडीच्या मालकाला देत आली, २०१० च्या कॉपीराइट मंडळाच्या आदेशानुसार निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के. गीतकार-संगीतकाराला वेगळं देणं लागत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट-संगीताचा पहिला मालक निर्माता ठरवला तेव्हापासून ती पक्की झाली होती. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टीप जोडली आणि गाणाऱ्याला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही याकडे संसदेचं लक्ष वेधलं. लतादीदींनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांसाठी रॉयल्टीचा आग्रह धरला होता, रफींना मानधन मिळालं की विषय संपला असं वाटत होतं, आणि त्यावरून काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्या भांडणात दीदींची बाजू बरोबर होती हे कायद्याने मान्य करायला २०१२ साल उजाडलं. त्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा वाटा करारानेही काढून घेता येणार नाही असा केला आणि गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये एफएम स्टेशनांना रचनाकारांचे पैसे भरायला सांगितलं ते याच दुरुस्तीच्या आधारे.

पण आपल्या कायद्यात एक भोक आहे, आणि ते नेमकं गोव्याच्या वादकांच्या वाट्याला येतं. कलाकाराच्या व्याख्येला परंतुक जोडलेलं आहे: चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रीतीनुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला कलाकार मानायचं नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट वाजवणाऱ्या गोवेकरांच्या पिढ्याच्या पिढ्या गेल्या. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरचं, म्हणजे वाद्यांची मांडणी करणाऱ्याचं, नाव कधीमधी पडद्यावर आलं, ओळीत बसलेल्या चाळीस व्हायोलिनवाल्यांची नाहीत. त्यांचं काम किरकोळ होतं असं कुणीही गाणं ऐकणारा म्हणणार नाही, पण ‘नाव येत नाही’ ही धंद्याची रीत मात्र होतीच, आणि हा परंतुक त्या रीतीलाच पुरावा मानतो.

अमेरिकेचा ५ टक्क्यांचा निधी निदान या बाबतीत शहाणा आहे. नाव कव्हरवर असो नसो, तो वादकाला शोधतो. कशावरून? वादकसंघटनेच्या ‘बी-४’ नावाच्या फॉर्मवरून. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सत्रानंतर तो भरायचा असतो. तारीख, स्टुडिओ, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, सत्राचा प्रमुख कोण, प्रत्येक वादकाचं नाव, त्याने एकाहून जास्त वाद्यं वाजवली का, मजुरी किती, निवृत्तिवेतनाचा भाग किती. नेहमीचं सत्र तीन तासांचं, त्यात जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं तयार संगीत. म्हणजे एका फॉर्मवर चार-पाच गाणी येऊ शकतात, आणि घोळ इथेच होतो. गाण्याचं नाव त्या दिवशी ठरलेलं नसतं, मग रकान्यात कामचलाऊ नाव पडतं किंवा रकाना रिकामा राहतो. पितळी वाद्यं महिनाभराने वेगळ्या दिवशी भरली तर तो वेगळा फॉर्म, वेगळी नावं, आणि दोन्ही कागद एकाच गाण्याचे आहेत हे कुठे लिहिलेलं नसतं. बँडने पुढे तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं असेल तर स्टेशनच्या यादीत दोन्हींचं शीर्षक एकच, प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा वेगळा सांकेतिक क्रमांक टाकलाच नाही तर पैसे भलत्याच आवृत्तीच्या वादकांकडे. साउंडएक्स्चेंजकडे मुख्य कलाकारांच्या बाबतीतही हेच होतं, आणि ज्याचा दावेदार तीन वर्षांत मिळाला नाही ती रक्कम संस्थेला इतर खर्चाकडे वळवता येते.

टॉवरचे पैसे सुरू झाले की हा घोळ कितीतरी पटींनी वाढेल, कारण जुनी गाणी सगळ्यात जास्त तिथेच वाजतात. म्हणून विधेयकात आणखी एक कलम असावं: १९७२ पूर्वीच्या प्रत्येक रेकॉर्डच्या मालकाने आपल्याकडचे सगळे बी-४ फॉर्म, टेपच्या डब्यांवरच्या नोंदी आणि स्टुडिओची बिलं दोन वर्षांत निधीकडे द्यावीत, आणि जोवर देत नाही तोवर त्या रेकॉर्डचा मालकाचा वाटा रोखून ठेवावा. कागद तळघरात कुठल्या कपाटात आहेत ते कंपन्यांना त्याच आठवड्यात आठवेल.